सांबार, दहा रुपये

पाच तारखेला सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी
बँकेचा मेसेज येतो.
आमच्या घरी इतक्या वेळेवर
दुसरं कोणीच येत नाही.

नऊ हजार आठशे चाळीस.
छत्तीसपैकी एकविसावा.
महालातला फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा
धनराजनं शटर विकलं, पडदे विकले, छत्र्या, लाइट,
निळ्या तळ्याचं चित्र असलेली मागची भिंतसुद्धा.
कर्जाला तेवढं गिऱ्हाईक मिळालं नाही.

लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं मी फेकत नाही.
कुणाच्या तरी शुभविवाहावर
बॉलपेननं लिहिते: गॅस. दूध. कस्तुरीची व्हॅन.
सोनेरी काठाचं जाड पाकीट, कुण्या मोठ्या घरचं,
त्यात किराणा.
वीस तारखेनंतर ही पाकिटं
एकमेकांच्या दारी उसनं मागायला जातात.
दूध देतं व्हॅनला, व्हॅन गॅसला.
दवाखान्याच्या पाकिटात मात्र मी हात घालत नाही.
घातला की कोणीतरी आजारी पडेल
अशी आपली माझी समजूत. हसा.

मे महिना. कूलरची खस जुनी,
वारा कमी, कुबट वास जास्त.
नवी साडेसातशेला, मजुरी वेगळी.
धनराजनं जुनीच काढली, झटकली, उलटी बसवली,
म्हणाला, "यंदा ढकलू."
आता रात्री आम्ही तिघं कूलरसमोर ओळीनं,
कस्तुरी मधे,
कारण वारा फक्त मधेच येतो.

जेवणं झाली की वही.
वही म्हणजे मागच्या वर्षीची डायरी,
तारखा बरोबर, वार चुकीचे.
मी लिहिते, तो बेरीज करतो.
दूध चौसष्ट. टमाटे वीस. कस्तुरीची रिफिल पाच.
सांबार दहा.

पुण्याची जाऊ त्याला कोथिंबीर म्हणते.
काहीही म्हणा,
ती जुडी आमच्या घरात कधी आलीच नाही.

एरवी लॅब सुटली की मी ठवकर मॅडमच्या गाडीवर
मागे बसून फुकटात घरी येते.
मंगळवारी नि शुक्रवारी म्हणते, "तुम्ही निघा, मला बाजार करायचाय,"
आणि काँग्रेस नगरहून मेट्रोत चढते.
गार डबा. बसायला जागा.
खिडकीबाहेर अजनीचे रूळ, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या,
सहा वाजले तरी पांढरं फटक ऊन,
आणि त्याचं माझ्याकडे काही काम नाही.
तेवढा वेळ मी कोणाची आई नाही,
कोणाचं रक्त माझ्या हातात नाही.
एकदा डोळा लागला तर छत्रपती चौक मागे टाकून
तीन स्टेशनं पुढे, थेट एअरपोर्ट.
मला कुठं विमान धरायचं होतं!
परतीचे दहा त्या दिवशी
आल्याच्या नावावर टाकले.

परवा बेरीज करता करता धनराज थांबला.
"जुडी तीस रुपये झाली म्हणतात. तुले अजून दहालेच देते?"
"ओळखीचा आहे."
"हो का," म्हणाला,
आणि हातचे दोन घेऊन पुढे गेला.

या पाच तारखेला मेसेज आला. बाविसावा.
मी पाकिटं मांडली तर एक जास्तीचं.
लग्नाचं नाही.
स्टुडिओचं, पासपोर्ट फोटो द्यायचे ना, तसलं छोटं,
वर दुकानाचं नाव, बंद पडलेला फोन नंबर,
खाली त्याच्या अक्षरात: सांबार.
आत दहाच्या आठ नोटा,
चुरगळलेल्या, हातानं सरळ केलेल्या.

काही बोलले नाही. बोलायचं काय?
संध्याकाळी खरोखरची जुडी आणली, तीसची,
वरणात इतकी टाकली की कस्तुरी ताटातून काढत बसली.

रात्री वही उघडली.
तो सांगत होता, मी लिहीत होते.
पंक्चर, चाळीस.
मागच्या रविवारीही पंक्चर होतं,
त्याच्या मागच्याही.
गाडी खालीच उभी होती, जिन्याच्या लाइटखाली.
मी टायर पाहायला उतरले नाही.