बेव्हर्ली रोडवरची दिवेलागण

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
इथे घड्याळं तासभर मागे घेतात
आणि सोमवारी पावणेपाचलाच
हल शहरावर कुणीतरी झाकण ठेवतं.

त्याच सोमवारी व्हॅनवाला म्हणाला,
'दिसलीच नाहीस गं.'
त्याचा आरसा माझ्या उजव्या कोपराला चाटून गेला होता.
खोटं नव्हता बोलत. हात थरथरत होते त्याचे,
माझ्याहून जास्त.
काळा कोट, काळी सायकल, भिजलेलं डांबर,
आणि माझ्या मागे एक लाल ठिपका,
विझत आलेल्या उदबत्तीएवढा.

पाच पौंडांचा तो. सुपरमार्केटात
केळ्यांशेजारी टांगलेला मिळाला होता.
त्याच्या भरवशावर मी दोन हिवाळे काढले.

नेव्हिलच्या दुकानात ग्रीसचा आणि उतू गेलेल्या दुधाचा वास येतो.
त्याने ठिपका तळहातावर घेतला,
मेलेला किडा उलटून बघावा तसा बघितला,
आणि काउंटरवर जोडी मांडली:
मागचा लाल, भर दुपारीही टोचेल असा,
पुढचा पांढरा, सहाशे ल्युमेनचा.
किंमत ऐकून मी मनात भाजीचे आठवडे मोजू लागले.
'आणि कोपर केवढ्याला पडतं?'
नेव्हिल चष्मा पुसत म्हणाला.

बार्शीत दादांच्या सायकलला डायनॅमो होता.
टायरला घासत गुरगुरायचा.
पाय माराल तेवढा उजेड, थांबलात की अंधार.
बल्ब गेलेला असला आणि चौकात पोलीस असला
की दादा उतरून सायकल ढकलत नेत,
मी कॅरिअरवर, पालखीत बसल्यासारखी.
'पायी चालणाऱ्याला दिवा लागत नाही,' म्हणत.
आणि खरंच, दादांना कधी कुणी
दिसला नाहीत असं म्हणालं नाही.
त्यांना अख्खी गल्ली अंधारात ओळखायची,
खोकल्यावरून.

इथे माझा खोकला कोण ओळखणार?

पहिल्या रात्री रस्ता अंगावरच आला.
भिजलेली पानं, चिप्सचा तेलकट कागद,
खड्ड्यातलं पाणी, त्याच्या कडेला एकच मोजा.
गाड्या माझ्यापासून दाराएवढं अंतर राखू लागल्या.
दिवसभर परक्यांच्या कवळ्या घासणारी मी,
अचानक कुणीतरी बडी असामी.

बुधवारी जुन्या रेल्वेच्या वाटेवर
समोरून एक म्हातारी आली, सोबत आखूड पायांचं कुत्रं.
तिने डोळ्यांवर हात धरला आणि जागीच थांबली.
कुत्रंही थांबलं. मीही.
'पोरी,' ती म्हणाली, 'मला दिसतंय तू आहेस ते.
पण आता दुसरं काहीच दिसत नाहीये.'

दोन दिवसांपूर्वी मी कुणाला दिसत नव्हते.

दिवा चार बोटं खाली वाकवला.
उजेड तिच्या बुटांशी गोळा झाला,
लेस सुटलेली होती, ती मी सांगितली.

काल परतताना सिग्नलला थांबले.
डायनॅमो असता तर इथेच गप्प झाला असता,
हा मात्र उभ्या उभ्या जळत राहिला.
माझ्या पुढे एक पोरगा, पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी,
सायकलला ना मागे दिवा ना पुढे,
हँडलला मोबाइल चिकटवलेला, त्यावर कुणाच्या तरी घराचा बाण.
हाक मारावी म्हटलं, पण
त्याला वीस मिनिटांत कुणाचं तरी पोट गाठायचं होतं.

हिरवा झाला. मी त्याच्या मागेच राहिले,
ना ओव्हरटेक, ना घंटी.
माझा पांढरा त्याच्या पेटीवर, माझा लाल आम्हा दोघांच्या मागे.
बसने वळसा घेतला तो दोघांना मिळून.
तो जोरात पाय मारत होता, मलाही धाप लागली.
वयाचा हिशेब मी नंतर केला.

कॉटिंगहॅम रोडला तो डावीकडे वळला.
एकदाही मागे पाहिलं नाही,
आणि का पाहावं?
त्याची सावली इतका वेळ त्याच्या पुढे धावत होती,
वळणावर ती भिंतीवर चढली, वाकडी झाली,
आणि मग पुढची गल्ली
त्याची त्याला.