दोन छेद सात

नीलम नगरात रात्री साडेअकराला
खालच्या कारखान्यातले चार माग थांबतात
आणि तेव्हा कळतं, आपण इतका वेळ
ओरडून विचार करत होतो.

मी फोनवर लिहितो : मुलांना अपूर्णांक का कळत नाहीत.
उत्तरं येतात धबाधबा.
तीन युक्त्या, एक जादू, पंधरा दिवसांत गणिताची भीती गायब.
कोट घातलेला माणूस, मागे चमचमतं आकाश,
माझ्या बारा वर्षांवर तो एका मिनिटात
बोळा फिरवतो.

पुढे. आणखी पुढे.
शोधायचं म्हणजे भंगारातल्या पान्यांच्या ढिगात
बावीस नंबरचा पाना शोधणं.
हात काळे होतात,
आणि मिळतो तो बहुतेक चोवीसचा.
जुन्या वहीच्या मागच्या पानावर
मी पत्ते उतरवतो पेनाने, पुढे शेरे :
‘लांबण.’
‘चांगलं, पण इंग्रजी जड. दिवाळीच्या सुट्टीत.’
‘सतराव्या मिनिटापासून बघणे.’
‘हा माणूस मुलांशी कधी बोललेला नाही.’

दीड वाजता एक सापडलं.
संगीत नाही, सजावट नाही.
कुठल्याशा थंड देशातली बाई,
स्वेटरच्या कोपराला ठिगळ,
समोर एक मुलगा, उत्तर चुकलेला.
ती दुरुस्त करत नाही. विचारते,
हे तू कसं आणलंस?
आणि गप्प बसते.
मी घड्याळ लावून मोजलं. एकोणीस सेकंद.
वर्गात मी एवढा गप्प
फक्त श्रद्धांजलीला असतो.

वहीत लिहिलं : ‘कामाचं.’ खाली दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी लावण्या कुडक्याल.
एक छेद तीन अधिक एक छेद चार.
तिने लिहिलं दोन छेद सात.
माझा खडू सवयीने फुलीकडे निघालेला,
त्याला मागे ओढलं.
हे कसं आणलंस गं?

सहाव्या सेकंदाला खिडकीत चिमणी.
अकराव्याला तिला वाटलं, मी रागावलोय.
चौदाव्याला ओढणीचं टोक दातांत.
मग म्हणाली,
‘सर, तीन टॉवेलात एक डॅमेज,
चार टॉवेलात एक डॅमेज.
मिळून सात टॉवेल, दोन डॅमेज.
अम्मा असंच लिहिती की गठ्ठ्यावर.
शेठ तेवढ्याचेच पैसे कापतो.’

मागच्या बाकावरून कुणीतरी :
‘बरोबर हाय की बे.’

बरोबरच होतं.
दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं ते.
किती घरांतले किती गठ्ठे
माझ्या लाल शाईखाली
न मोजताच गेले असतील.

शाळेमागच्या कारखान्यातून सिद्राम
एक टॉवेल घेऊन पळत आला, कडा न शिवलेला,
अजून मागाची ऊब असलेला.
हा एकच, लावण्या. गठ्ठा नाही.
याचा तिसरा हिस्सा लाल, चौथा हिस्सा पिवळा.
तिने उभ्या घड्या घातल्या तीन, आडव्या चार,
उलगडला तर बारा चौकोन
आणि खडूने रंगवायला गेली तर
एक चौकोन दोघांचाही निघाला.
त्यावरून वर्गात जी भांडणं झाली!
तबस्सुम लालच्या बाजूची, सिद्राम पिवळ्याच्या.
घंटा झाली, कुणी उठलं नाही.
शेवटी लावण्यानेच पिवळ्याला
शेजारचं रिकामं घर दिलं,
मोजलं. सात. बारांतले सात.

हसली नाही. टॉवेलकडे बघत राहिली.
‘मग अम्माचं चूक?’
नाही.
‘मग दोन्हीकडं अधिकचीच खूण कशी काय, सर?’

यावेळी एकोणीस सेकंद
तिने मोजले.

आज पुन्हा साडेअकरा. माग थांबलेत.
फोनवर बोट आहे, पण हे
कुठल्या शब्दांत विचारतात तेच सुचत नाही.
लिहितो, खोडतो. चार्जिंग नऊ टक्के.
वहीत पत्त्याच्या रकान्यात
तिचाच प्रश्न उतरवलाय, तिच्याच शब्दांत,
की-सकट.
शेरा अजून लिहिलेला नाही.