नासवलेलं

केंद्रावरच्या पोराने काचेची नळी उजेडात धरली,
मान हलवली, म्हणाला, काकू, परत न्या.
फॅट लागत नाही.
सात लिटर. कॅन पुन्हा सायकलीला बांधताना
सुतळी तुटली ती वेगळीच.
वैनगंगेवरून येणारं ऊन
माझ्या आधी घरी पोचलेलं.

बीथिका हालदार कुंपणाशी उभी होती,
कॅम्पातली. कॅनकडे बघून म्हणाली, छाना कर.
तिच्या मराठीत ण नाही, ळ नाही.
आमच्या झाडीतही नाही,
म्हणून आमचं जमतं.

उकडी फुटली की खाली उतरव. दम धर.
मग आंबट पानी, कडेकडेनं.
घाई केली तर रबर होते.

माझा हात थांबला.
लग्नानंतर तिसऱ्या दिवशी
माझ्या हातून शेरभर दूध नासलं होतं.
कुणी काही बोललं नाही. तेच वाईट.
नणंदेने फक्त भांडं उचलून दारात ठेवलं,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.
मी ते भर दुपारी भोकराच्या बुंध्याशी ओतलं.
मुंग्या आल्या. मी मुंग्यांनासुद्धा भ्याले.
तेव्हापासून एकतीस वर्षं
उतू जाऊ दिलं नाही, खाली लागू दिलं नाही,
लिंबाची टोपली एका खोलीत, दूध दुसऱ्या खोलीत,
सोयरिक मोडलेल्या घरांसारखं.

आणि ही बाई सांगते, मुद्दाम कर.

पहिलं लिंबू. काही नाही.
दूध माझ्याकडे बघत राहिलं.
दुसरं. कडेला बारीक कणी,
धानाच्या बांधीवरचं धुकं विरतं तशी.
मग एकदम
पांढरं एकीकडे, हिरवट पाणी एकीकडे,
जणू इतके दिवस दोघं
केवळ रीत म्हणून एकत्र राहत होते.

बीथिकाने लुगड्याचा तुकडा पसरला,
इतका जुना की काठाचा रंग
आठवणीनेच सांगावा.
ओतलं. माठातलं गार पाणी वरून दोन तांबे,
आंबटपणा जाईस्तोवर.
चार टोकं गोळा करून पीळ, गाठ,
आणि बैलाची घुंगरमाळ काढून
त्या खुंटीला ती पांढरी पोटली.
खाली पितळी गंज. टप्. मग बराच वेळ नाही. टप्.

मी विचारलं, तुमच्यात दूध फाटलं तर
अपशकुन नाही का वो?
ती विचार करत बसली. अपशकुन भरपूर आहेत, म्हणाली.
एकटी सालुंकी दिसली की संपलं.
पन दुधाचा नाही.
मग पोटलीकडे बघत:
गाडीतून येताना आईने अशीच गाठ बांधलेली.
छाना नव्हता त्यात.
पुढे काही नाही. टप्.

अर्ध्या तासाने ताटात सोडलं.
मनगटाजवळच्या मऊ भागाने रगड, म्हणाली,
तलहाताला तूप लागेपर्यंत.
मी रगडत गेले. दाणा मोडला, मग दाण्यातला दाणा.
चाखलं तर
कशाचीच चव नव्हती.
गिळल्यावर होती.

ते संध्याकाळी आले. ओसरीतूनच नाक वर केलं,
नासलं का व दूध?
नासलं नाही, मी म्हणाले. नासवलं.
हातपाय धुताना ते
तो शब्द तोंडातल्या तोंडात फिरवत होते, मला ऐकू आलं.
मग बोटाने एक गोळी. मग गुळाबरोबर दुसरी.
मग ताट स्वतःकडे ओढलं
आणि विचारलं, त्या पोराला फॅट
लागत नव्हती म्हणते ना तू?

हिरवं पाणी टाकू नको, बीथिका जाताना म्हणाली होती,
उद्या तेच लागेल.
खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली
राखेने घासून, उन्हात पालथी घालून, भरून ठेवली.
जागा शोधत घरभर फिरले.
शेवटी दुधाच्याच फळीवर ठेवली,
गंजाला टेकून.