दोन नंबर

पार्सल शनिवारी आलं.
खोक्यात दोन कंट्रोलर, जुळ्यांसारखे,
राखाडी, चपटे, साबणाच्या वडीएवढे.
उजवीकडे दोन लाल बटणं,
आणि वायरच्या टोकाला, जी तेव्हा नव्हती,
ती यूएसबीची चपटी जीभ.
वजनाला इतके हलके
की आत काही आहे ना, म्हणून कानाशी हलवून पाहिले.

वाऊबझिखमध्ये मार्च म्हणजे
छपरावर बर्फ, खाली चिखल
आणि जिन्यात अजून कोळशाचा वास,
खाणी मिटून तीस वर्षं झाली तरी.
इरेनेउश नॉर्वेहून आला होता,
एकोणीस वर्षं जहाजांना टाके घालून.
उजव्या अंगठ्याचं वरचं पेर
तिकडेच ठेवून आला.
त्याबद्दल बोलायचं नाही, हे त्यानं
बूट काढता काढताच सांगितलं.

खाण सुटली तेव्हा बाबांना जे पैसे मिळाले
त्यातले थोडे बाजारातल्या एका नकली यंत्रात गेले.
आईनं आठवडाभर अबोला धरला.
कंट्रोलर दोन. एक नंबर त्याचा.
स्टार्टचं बटण फक्त एक नंबरला.
दोन नंबर म्हणजे मी,
गालिच्यावर गुडघे टेकून
भावाच्या मरणाची वाट पाहणारा.
तो मेला की माझी पाळी,
आणि तो मरायचाच नाही.
"थोरला कोण?" एवढाच त्याचा कायदा.

आता लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर,
लोणच्याच्या काकड्यांची बरणी बाजूला सरकवून.
मी माझा खोचला, मग त्याचा.
पडद्यावर पाहतो तर
मी पहिला, तो दुसरा.
काढले, पुसले, अदलाबदल करून पुन्हा लावले.
या यंत्राच्या लेखी दोघांचं नाव एकच,
जो आधी आला तो मोठा.
कधी तेही नाही, मनाला येईल तसं.
जन्मदाखला, बाप्तिस्मा, कोणाला आधी मिशी फुटली,
काही विचारत नाही.
"राहू दे," इरेनेउश म्हणाला. "बरंय."

त्याच्या कंट्रोलरचा उजवा बाण दाबला
की माणूस उगाच वर चढू बघायचा.
स्वस्त माल. पाच स्क्रू.
आत नखभर हिरवी पट्टी, बाकी सगळी हवा.
बाणाखालच्या काळ्या रेघांच्या कडेला
चिकटपट्टीचे तांदळाएवढे तुकडे लावत गेलो.
टॉर्च त्यानं धरला होता.
उजेड जराही हलला नाही.
"अजून थोडं डावीकडे," म्हणाला,
वीस वर्षांतला त्याचा
पहिला उपयोगी सल्ला.

मग खेळलो.
मी पहिल्याच खड्ड्यात मेलो.
तो धावला छान, अगदी तेव्हासारखा,
जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून.
उडी मारायची वेळ आली
आणि अंगठा जिथे संपत होता
तिथून बटण एक पेर लांब होतं.
पडला.
माझी पाळी मी मुद्दाम लवकर संपवली.
तो पुन्हा पडला. त्याच काठावरून.
फ्रिज घुरघुरत राहिला.

मी खुर्ची ओढली.
त्याच्या कंट्रोलरच्या उजव्या टोकावर
माझा अंगठा टेकवला.
"तू चाल," म्हटलं. "उड्या माझ्याकडे."
तो बराच वेळ पडद्याकडेच बघत होता.
मग म्हणाला, "आत्ता."
"आत्ता."
"आत्ता नाही रे, गाढवा!"
खड्डा गेला. दुसरा गेला.
त्याच्या मनगटाला माझं मनगट घासत होतं,
आणि त्याच्या बाहीला अजून
कुठल्याशा लोखंडाचा जळका वास.

पुलापर्यंत पोचलो. तिथे मेलो.
कोणामुळे, याचा निकाल लागायचा आहे.
तो म्हणतो मी उशिरा दाबलं,
मी म्हणतो तो थांबला.
माझी पाळी केव्हा सुरू झाली
कोणी पाहिलंच नाही.
एक नंबर बरणीजवळ उताणा पडलेला,
वायर लोणच्याच्या पाण्यात.
पडद्यावर माझा माणूस
पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे नुसता उभा,
आणि वर कोपऱ्यात
उलटं धावणारं घड्याळ.