फास्ट

मंगळवारी संध्याकाळी हलमधल्या चर्चमागच्या खोलीत
मासे कापून आलेल्या बायका वह्या उघडतात.
साबणालाही दाद न दिलेला हॅडकचा वास.
फळ्यावर मी लिहिते : फास्ट.
"जलद!" सगळ्या एका सुरात.
शिलान तेवढी हात वर करते :
सुपरवायझर म्हणाला, कोल्डरूमचं दार फास्ट बसलंय.
अडकलेलं दार जलद कसं, थेल्माबाई?

सव्वीस वर्षं शिकवतेय.
हे कुणी विचारलं नव्हतं.

खरंय गं. पळतो तोही हाच,
आणि पाय रोवून हटत नाही, तोही.
धक्क्याला करकचून बांधलेला दोर – फास्ट.
धुण्यात न उतरणारा निळा – फास्ट.
आमच्या स्वैपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं फास्ट,
म्हणजे ट्रॉलर सुटायच्या आत
आईला रडून घ्यायला वेळ मिळे.
शेजारची डोरीन ओठ रंगवून खलाशांबरोबर नाचायची,
तिलाही फास्ट म्हणत, आवाज खाली करून.
(तीच पुढे एका नवऱ्याला चाळीस वर्षं चिकटून राहिली.)

"आणि रोजा?" मागून हलीमा.
तो वेगळा, म्हणायला गेले, आणि थांबले.
तोंड घट्ट धरणं. वेगळा कुठला?

वडिलांनी तो गोंदूनच घेतला होता :
उजव्या मुठीवर होल्ड, डाव्या मुठीवर फास्ट,
एकेका बोटावर एकेक अक्षर.
बोट सुटायच्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी धुणं काढत नसे,
माणूस वाहून जातो म्हणून.
मी नऊ वर्षांची. बाहुलीच्या फ्रॉकवर जॅम सांडला होता.
एवढासा तर फ्रॉक.
दुकानदार म्हणाला होता, रंग फास्ट आहे.
बादली निळी झाली. मग माझे हात.

ते मी वर्गात सांगितलं नाही.
आईलाही नाही. ती विचारायची,
बाहुली उघडी का गं, थंडीची?
आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडायची,
गाढ झोपेचं सोंग घेऊन. त्यालाही हाच शब्द.

साडेआठ. वह्या मिटतात.
दमट हवेनं फुगलेलं खोलीचं दार उघडेना.
शिलान कडी ओढते, वळून बघते,
"फास्ट," म्हणते, परीक्षा दिल्यासारखी.
बरोबर, म्हणते मी,
आणि तिच्या शेजारी खांदा लावते.