शाफ्टमध्ये

बॅलार्ड इस्टेट. तळघरातून सातव्यावर
चार पीआरआय चढवायच्या,
त्याही लिफ्टच्या मोटरशेजारून.

तांडेल म्हणाले, बोलणारी जोडी या केबलीत,
ऐकणारी त्या.
एकत्र बांधलीस तर जवळचा आवाज
लांबून आलेल्याला गिळतो.
आणि शील्डला अर्थ एकाच टोकाला दे.
दोन्हीकडे दिलास की गुणगुण.

अर्थ. शाळेत बाई
दोन्ही ओळींना मागायच्या.

चौथ्यावर कबुतराचं घरटं, दोन अंडी.
वळसा घातला. दीड मीटर केबल जास्त गेली,
बिलात लिहिली नाही.

संध्याकाळी दिवे हिरवे.
आता एकशेवीस जण एकदम बोलतील.
तांडेलांनी रिसीव्हर उजव्या कानाला लावला
(डावा कधीच गेलाय)
आणि नंबर न फिरवता
ऐकत राहिले.