सात नंबरची खोली

बुर्दुरात आमचं हॉटेल आहे, तीन मजली, नाव 'ग्योल'.
ग्योल म्हणजे सरोवर.
सासरे सांगतात, पूर्वी गच्चीतून पाणी दिसायचं.
आता पाणी हटत हटत गेलंय, दिसतो पांढरा काठ
आणि अलीकडे छावणीची भिंत.

गावात बघण्यासारखं फार नाही.
औषधांचे विक्रेते येतात, लग्नाला आलेले मामा येतात,
आणि शपथेच्या आदल्या दिवशी येतात आया.
मैदानात पोरं टेबलावर पंजा ठेवून शपथ घेतात, मग घरच्यांसोबत सुट्टी,
म्हणून त्या आठवड्यात आमचा दर दीडपट.
हा नियम सासऱ्यांचा.
गरम पाणी अर्धा तास, हाही त्यांचाच.
बॉयलरच्या काट्याला दुसरं कुणी हात लावत नाही.

मंगळवारी दुपारी मी टॉवेलांच्या घड्या घालत होते.
'ऊन्येहून बोलतेय. नेबाहात. एका रात्रीचे किती?'
सांगितले.
पलीकडे नुसता कागदाचा आवाज.
'न्याहारी धरून?'
'धरून. ऑलिव्ह, चीज, एक उकडलेलं अंडं.'
'आणि अंडं मी घरून आणलं तर?'

संध्याकाळी पुन्हा.
'बस पहाटे चारला पोचते, खोली दुपारी दोनला.
मधल्या वेळात सोफ्यावर बसायचे पैसे पडतात का?'
'नाही आब्ला. चहा पण मिळेल.'
'चहाचे?'
'चहाचेही नाही.'
तिनं ते लिहून घेतलं असावं. पेन चालल्यासारखं वाटलं.

मला तिची वही दिसू लागली.
जाण्याचं तिकीट, येण्याचं तिकीट,
खोली, आणि सगळ्यांच्या खाली
एक मोठा आकडा, ज्यातून काही वजा करायचं नाही:
पोराला इथले शिश कबाब खायचेत, दोन प्लेट.
फोनवर त्यानं एवढंच मागितलं.

बुधवारी: 'गरम पाणी किती वेळ?
तो म्हणतो, तिकडे पाच मिनिटांत बाहेर काढतात.
घरी दार ठोठावून हात दुखायचे माझे.
पाऊण तास पुरेल एवढं असतं का तुमच्या टाकीत?'
सासरे समोरच पेपर वाचत होते.
मी म्हणाले, 'बघते.'

गुरुवारी आवाज दबका, मागे इस्त्रीची वाफ.
'हसू नकोस हं पोरी. मी हॉटेलात कधी राहिले नाही.
सकाळी अंथरूण आपण काढायचं की तुम्ही?'
'तसंच राहू द्या, आम्ही काढतो.'
'असं कसं राहू द्यायचं, परक्याच्या घरात?'
थोडं थांबून,
'आणि एक उशी जास्त मिळेल?
त्याला कवेत धरायला लागते.
त्याच्यासमोर मात्र हे काढू नकोस.'

उशी मी कपाटात वेगळी काढून ठेवली.
आणि रजिस्टरमध्ये लिहिलं:
खोली सात, दोन खाटा, नळ गळतो, दीडशे लिरा कमी.

शनिवारी बघते तर सासऱ्यांनी प्लंबर बोलावलेला.
सातमध्ये गेला, नळ उघडला, बंद केला,
खाली वाकून कान लावला, पुन्हा उघडला.
'हा गळत नाही.'
'गळतो,' मी म्हणाले. 'येत्या गुरुवारपासून शुक्रवारपर्यंत.'
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे,
आणि आल्या-गेल्याचे दोनशे लिरा घेऊन गेला.

दीडशेच्या खोटेपणाला दोनशेचा दाखला.
सासऱ्यांनी पावती रजिस्टरला टाचली,
चष्मा पुसला, बोलले काहीच नाहीत.

रात्री दिवे घालवायला तळघरात उतरले.
बॉयलरचा काटा अर्ध्या तासावर नव्हता.
पार पुढे सरकवलेला, एक तासाच्याही पुढे,
आणि मी तर त्याला हात लावला नव्हता.